घराला लागून गिरणी आणि मसाला कांडप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या पुढच्या खोलीत किंवा अंगणातल्या शेडमध्ये गिरणी, कांडप, भाजणी, तेलघाणा असं काही चालवणाऱ्यांकडून येणारे हे प्रश्न आहेत. यातले निम्मे धंद्याचे आहेत आणि निम्मे घराच्या डागडुजीचे. ते वेगळे काढता येत नाहीत, कारण दोन्हींना गच्ची एकच, मीटर एकच आणि बहुतेक वेळा पाकीटही एकच असतं. रुपयांचे आकडे नमुन्यादाखल दिले आहेत. तुमच्या बाजारातला भाव घालून हिशेब पुन्हा मांडा.

गच्ची गळते. वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात करावं म्हणतात, पण मिरची गच्चीवरच वाळते. मग कधी करायचं?

दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत. नवी मिरची फेब्रुवारीपासून बाजारात भरते, कांडपाची गर्दी मार्च ते मे असते, कुरडया-पापडही त्याच दिवसांत. गवंडी मात्र एप्रिलमध्ये येऊन म्हणतो, पावसाआधी उरकून टाकू. तेव्हा हो म्हटलं की हंगाम गेला.

थंडीत करण्याला दुसरंही कारण आहे. एप्रिलच्या उन्हात कोब्यावर (गच्चीवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर) सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि वरच्या थराला केसासारखे बारीक तडे जातात. तेच तडे पुढे जुलैत गळतात. साध्या सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस आणि सध्या सर्रास मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या कामाला १० दिवस पाणी द्यावं लागतं. थंडीत ते निम्म्या कष्टात होतं.

आधी जुना कोबा हातोडीने ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला थर सुटलेला आहे. जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतो. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर जवळजवळ पावणेदोन ते दोन टन. दोन थरांचा भार जुन्या स्लॅबसाठी धरलेलाच नसतो. उतार पन्हळीकडे १ : १०० हवा, म्हणजे तीन मीटरला तीन सेंटिमीटर. कठड्याच्या मुळाशी, गच्ची आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात, सिमेंटचा गोलसर उतार (वाटा) काढून घ्या. बहुतेक गळती सपाट जागेतून होत नाही, ती या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या तोंडाभोवतून होते.

काम झाल्यावर पन्हळीची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खाली छताला ओल येते का ते खडूने खूण करून बघा. ही चाचणी पाण्याच्या टंचाईत टाळली जाते. टाळू नका, त्याऐवजी पाण्याचा टँकर विकत घ्या.

फक्त तडे आहेत, पूर्ण कोबा नको. तेवढं मार्चमध्ये चालेल का?

चालेल, पण मिरची पसरायच्या आधी. तडा ८ ते १० मिलिमीटर रुंद-खोल खाच पाडून उघडा, ब्रशने धूळ काढा, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण भरा. मग वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं तेवढं ठेवा. लेप हाताला कोरडा लागला तरी वास राहतो आणि मिरची, धने, खोबरं तो वास ओढून घेतात. भर दुपारी गच्चीवर उभं राहून वास घ्या. तेव्हाही येत नसेल तरच माल पसरा, आणि तोही ताडपत्रीवर सुती कापड घालून.

घरच्या मीटरवर मसाल्याचं मशीन चालवलं तर दंड होतो का?

वापरावर अवलंबून आहे. वीज नियामक आयोगाच्या अलीकडच्या दरआदेशांत महावितरणच्या ग्राहकांसाठी अशी सवलत आहे: राहत्या घराच्या एका भागात धंदा चालवणाऱ्याचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर बिल घरगुती दराने लागतं. वर्षअखेरीला हा आकडा तपासला जातो. ओलांडला तर पुढे धंद्याचा दर लागतो. चालू आदेशाची प्रत महावितरणच्या संकेतस्थळावर असते, ती एकदा डोळ्यांखालून घाला.

आता हिशेब. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. २ एचपीची मोटर भाराखाली मीटरमधून साधारण १.८ ते २ किलोवॉट ओढते. रोज ४ तास, महिन्याला २६ दिवस धरले तर सुमारे २०० युनिट झाले. घराचे १२० युनिट मिळवले की ३०० ची रेघ ओलांडली. रोज दोनच तास चालवलंत तर आत राहता. म्हणून मशीन घेण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज करा.

रेघ ओलांडणार असेल तर स्वतंत्र जोडणी मागा. अर्जात ‘दुकान’ लिहू नका. पिठाची गिरणी, मसाला गिरणी, डाळ मिल यांना लघुदाब औद्योगिक दर लागू होतो आणि तो व्यापारी दरापेक्षा कमी असतो. पुष्कळ जण केवळ अर्जातल्या एका शब्दामुळे वर्षानुवर्षं व्यापारी दर भरतात. घरगुती मीटरवर न कळवता मोठी मोटर चालवली आणि पथकाला सापडली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून दुप्पट दराने आकारणी होते. सापडेपर्यंतचा काळ नक्की करता आला नाही तर मागचे बारा महिने धरतात.

घराचं बांधकाम काढलंय. त्यासाठी तात्पुरतं मीटर घ्यावं लागेल का?

त्याच दरआदेशांत याचीही सोय आहे. राहत्या जागेतच दुरुस्ती किंवा बांधकाम चालू असेल आणि त्या महिन्याचा वापर ५०० युनिटपर्यंत असेल, तर वेगळी तात्पुरती जोडणी लागत नाही, बिल घरगुती दरानेच येतं. मात्र हे युनिट वर्षाच्या ३,६०० मध्ये मोजले जातात. बांधकाम आणि नवीन मशीन एकाच वर्षी आलं तर मर्यादा इथेच तुटते.

मोटर सुरू करताच एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारं बटण) पडतो. मोठा बसवू का?

नाही. आधी कारण शोधा.

मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालू स्थितीत १० ते ११ अँपिअर घेते, पण सुरुवातीला क्षणभर ५० च्या वर जाते. घरातल्या दिव्यांसाठी असलेला ‘बी’ प्रकारचा एमसीबी तेवढ्याने पडतो. मोटरला ‘सी’ प्रकारचा लागतो. वायर मात्र त्याच्या तोलाची हवी: अंतर कमी असेल तर २.५ चौरस मिलिमीटर तांबं चालतं, मीटरपासून मशीन पंधरा-वीस मीटरवर असेल तर ४ घ्या. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की पडणं थांबतं आणि वायर तापायला लागते. आगी तिथून लागतात.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? बंद करा, पट्टा काढून मोटर पुन्हा सुरू करून पाहा. पट्ट्याशिवाय फिरली तर मशीनमध्ये माल अडकला आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. तरीही फिरली नाही तर बहुधा कपॅसिटर गेला. संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर नवा कपॅसिटरही काही करणार नाही. त्या वेळी दळणंच घेऊ नका.

थ्री फेजवर एक फेज गेल्याने मोटर जळणं ही गिरण्यांतली सगळ्यात नेहमीची मोठी दुरुस्ती. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारं उपकरण) बसवा. त्याची किंमत मोटरची तार एकदा पुन्हा गुंडाळून घेण्यापेक्षा बरीच कमी असते. अर्थिंग वेगळी करा, आणि फरशी कापायचं कटर, वेल्डिंग किंवा ड्रिल ज्या सॉकेटवर लावायचं तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारं बटण) असू द्या. वेल्डरला गिरणीच्या लाइनवर जोडणी देऊ नका, दळण चालू असताना तर नाहीच.

एकाच मशीनमध्ये पीठ आणि मसाला दोन्ही काढता येतं का?

विकणारा म्हणेल येतं. गिऱ्हाईक एकदाच फसेल. जाळी धुतली तरी दगडाच्या फटीत मिरची राहते आणि पुढच्या डब्याची भाकरी झोंबते. मसाल्याला स्टीलचा पल्व्हरायझर (वेगाने फिरून पूड करणारं मशीन) किंवा कांडप (मुसळाने कुटणारं मशीन) वेगळं ठेवा, शक्यतो वेगळ्या खोलीत.

पिठाच्या गिरणीतही क्रम पाळावा लागतो. सकाळी दगड झाडून आधी उपवासाचं दळण घ्या: राजगिरा, वरई, साबुदाणा. गव्हानंतर उपवासाचं दळलं की तक्रार ठरलेली. मग तांदूळ, ज्वारी, गहू, बाजरी, आणि हरभरा डाळ, भाजणी शेवटी. डाळीच्या तेलकटपणाने दगडाचे डोळे (खाचा) बुजतात. नंतर मूठभर जाड ज्वारी घालून काढली की दगड मोकळा होतो. ते पीठ गिऱ्हाइकाच्या डब्यात घालू नका. पीठ हाताला सोसवेना इतकं गरम येतंय म्हणजे दगड बोथट झाले किंवा फार घट्ट आवळले. दगडाला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा पाडून घ्या.

कांडप की पल्व्हरायझर?

घाटी मसाला, गोडा मसाला, खोबरं-तीळ असलेलं काहीही: कांडप. पल्व्हरायझरमध्ये ते जाळीला चिकटतं आणि गरम होऊन लगदा होतं. हळद आणि नुसती मिरची पल्व्हरायझरला चांगली निघते, मात्र वेग जास्त म्हणून उष्णता जास्त, आणि उष्णतेने मिरचीचा रंग व वास उडतो. दहा किलो सलग ओतण्यापेक्षा दोन-तीन किलो काढून मशीन थंड होऊ द्या. पूड परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवी बंद करू नका. आतल्या वाफेने गुठळ्या होतात आणि बुरशी येते.

अन्नसुरक्षेच्या मानकांत मिरची पुडीत ओल जास्तीत जास्त ११ टक्के आणि हळद पुडीत १० टक्के चालते. ओलमापक नसेल तर जुनी परीक्षा: मिरची हलवली की बी वाजलं पाहिजे, वाकवली की कटकन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून एक ऊन.

गाळा तळमजल्यावर नाही. पहिल्या मजल्यावर मशीन ठेवता येईल का?

१ एचपीची घरघंटी ठेवता येईल, खाली रबरी पॅड घालून. त्यापुढचं काही स्लॅबवर नको. मोठी गिरणी जमिनीवरच्या काँक्रीटच्या ओट्यावर, बोल्टने, आणि शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीपासून किमान दीड-दोन फूट सोडून बसवा. भिंतीला टेकलेली पट्ट्यावरची गिरणी शेजारच्या घरात भांडी वाजवते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. गृहनिर्माण सोसायटीत असाल तर मशीन आणण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. नंतर ती मिळत नाही.

मसाला विकतो, माल खपतो, पण पैसा उरत नाही. कुठे जातो?

घटीत आणि दुकानदाराच्या टक्केवारीत. एक नमुना पाहा. १० किलो बेडगी मिरची किलोला ₹२८० ने घेतली: ₹२,८००. देठ, उडालेली ओल आणि मशीनमधली घट मिळून दीड किलो गेली, हातात ८.५ किलो पूड आली. म्हणजे ₹२८० ची मिरची पूड होईपर्यंतच ₹३२९ ला पडली. देठ काढण्याची मजुरी ₹२००, वीज ₹५०. २०० ग्रॅमची ४२ पाकिटं झाली, पिशवी आणि लेबल दर नगी ₹४ प्रमाणे ₹१६८. एकूण ₹३,२१८, म्हणजे पाकिटाला साधारण ₹७६.६०. छापील किंमत ₹११० ठेवली, दुकानदाराने २० टक्के घेतले, तुम्हाला ₹८८ आले. पाकिटामागे ₹११.४०, दहा किलोमागे सुमारे ₹४८०. यात तुमची मजुरी, पोचवण्याचं पेट्रोल, परत आलेली पाकिटं आणि उधारी अजून धरलेलीच नाही.

यावर दोन उपाय. एक, हंगामात निवडून घेतलेला कोरडा माल. ओली मिरची किलोमागे वीस रुपये स्वस्त मिळाली तरी महाग पडते. दोन, निम्मा माल थेट घरी देणं. मजुरीचं कांडप मात्र सोडू नका. गिऱ्हाइकाची मिरची, गिऱ्हाइकाची घट, तुमचे रोख पैसे. नव्या ब्रँडच्या नादात मजुरीचं काम नाकारणारे पुष्कळ दिसतात. आम्हाला ते पटत नाही.

आता लाकडी घाणा टाकावा का?

आधी हे गणित करा. १०० किलो शेंगदाणा ₹१२० ने ₹१२,०००. लाकडी घाण्यात तेल साधारण ३८ ते ४२ टक्के निघतं. ४० किलो धरलं तर लिटरमध्ये सुमारे ४४, कारण एक लिटर तेल ९१०-९२० ग्रॅम भरतं. पेंड ५६ किलो, ₹३५ ने ₹१,९६०. उरलेले ₹१०,०४० भागिले ४४, म्हणजे लिटरला ₹२२८, वीज, बाटली, मजुरी सोडून. एका वेळी घाण्यात १२ ते १५ किलो माल आणि पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे १०० किलोला दिवस गेला. त्या दिवशी गिरणीवर कोण बसणार?

जवळ पेंड घेणारे गोठे असतील, नेहमीची तीस-चाळीस घरं असतील आणि घरात दुसरं माणूस मोकळं असेल तर घाणा चालतो. करडई घ्यायची तर उतारा शेंगदाण्याहून कमी धरा. खवट, काळे, बुरशी आलेले दाणे हाताने निवडून टाका. त्यातलं विष तेल गाळून जात नाही. तेल तीन-चार दिवस निवळू द्या आणि बाटली आतून पूर्ण कोरडी असल्याशिवाय भरू नका. कॅन घेऊन येणाऱ्याला सुटं तेल मोजून देण्याची पद्धत जुनी असली तरी खाद्यतेल पॅक आणि लेबलाशिवाय विकायला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे.

कागदपत्रं कोणती लागतात?

उद्यम नोंदणी: आधारवर, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. अन्नसुरक्षेची नोंदणी ‘फॉस्कॉस’ पोर्टलवर. लहान उलाढालीला नुसती नोंदणी, मोठ्याला परवाना. उलाढालीची मर्यादा अर्ज भरतानाच दिसते. दुकाने-आस्थापना कायद्याखाली हाताखाली एक-दोन माणसं असतील तर नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना द्यायची. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ना-हरकत दाखला बँक आणि महावितरण दोघेही मागतात, म्हणून तो सगळ्यात आधी काढा.

जीएसटी: महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दळण-कांडपाची मजुरी ही सेवा आहे आणि सेवांसाठीची मर्यादा २० लाख आहे. दोन्ही करत असाल तर कर सल्लागाराला नेमकं हेच विचारा. परराज्यात माल पाठवायचा असेल तर रक्कम कितीही असो, नोंदणी लागते.

पाकिटावर काय छापायचं?

पदार्थाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, किती दिवसांत वापरावं, बॅच क्रमांक, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, शाकाहारी हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक. शिवाय एकक किंमत, जी सर्रास राहून जाते: किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमचा भाव. वरच्या उदाहरणात ₹११० भागिले २०० म्हणजे ग्रॅमला ₹०.५५. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. किराणा दुकानातला जुना काटा आणला असेल तर आधी त्याची तारीख बघा.

मशीनसाठी अनुदान मिळतं म्हणतात. कसं?

अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना: पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचा वाटा किमान १० टक्के, बाकी बँकेचं कर्ज. महाराष्ट्रात ती कृषी विभागामार्फत चालते. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. प्रकल्प अहवाल आणि अर्जासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती असते. तिचं मानधन योजनेतून मिळतं, तुम्ही द्यायचं नसतं. मुद्रा योजनेत अनुदान नाही, फक्त तारणाशिवाय कर्ज: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत.

चुका ठरलेल्या. कर्ज मंजूर होण्याआधी मशीन विकत घेतलं जातं आणि मग ते बिल धरलं जात नाही. अनुदानाची रक्कम हातात येईल असं समजून घराचा खर्च ठरवला जातो. प्रत्यक्षात ती बँकेत वेगळ्या खात्यात राहते आणि कर्ज तीन वर्षं नियमित राहिलं तरच कर्जात वळती होते. हप्ते थकले तर अनुदान हातचं जातं.

गच्चीचा खर्च धंद्याच्या खात्यातून केला तर काय बिघडलं?

फेब्रुवारीत मिरचीला पैसे उरत नाहीत, हे बिघडतं. वर्षभराची मिरची, हळद, धने दोन महिन्यांत घ्यावे लागतात. त्या वेळी खातं रिकामं असलं तर उधारीवर, व्यापारी देईल तो माल घ्यावा लागतो. चालू खातं वेगळं ठेवा. दर महिन्याला घरासाठी ठरावीक रक्कम काढा आणि गच्ची, रंग, फरशी हे सगळं त्यातूनच साठवा. शेडचा पत्रा, गिरणीचा ओटा, तिथली वायरिंग हा धंद्याचा खर्च, त्याचं बिल धंद्याच्या नावावर घ्या. स्वतःच्या घराचं भाडं स्वतःच्याच एकट्या मालकीच्या धंद्याकडून घेतलेलं आयकरात चालत नाही. अनुमानित पद्धतीने विवरण भरत असाल तर रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के उत्पन्न धरलं जातं. एवढ्यासाठी तरी क्यूआर कोड गल्ल्यावर लावा.

गवंड्याला उचल किती द्यावी?

दहा-पंधरा टक्के. सामान तुम्ही आणा, त्याला मजुरीचा दर चौरस फुटावर किंवा ब्रासवर लिहून घ्या. क्षेत्राचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. मोजमाप टेप धरून दोघांनी मिळून करायचं. पैसे टप्प्याने द्या: जुना थर काढून झाला, कोबा झाला, पाणी साठवून चाचणी झाली. शेवटचे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखा आणि हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर भांडण होतं.

काम चालू असताना गिरणी चालू ठेवता येते का?

वरच्या मजल्यावर काम असेल तर हो. त्याच खोलीला लागून असेल तर तोडफोड आणि फरशी कापण्याचे दिवस बंद ठेवा. सिमेंटची धूळ जाड प्लास्टिकच्या पडद्यालाही जुमानत नाही, आणि पिठात कच लागली की गिऱ्हाईक दगडाचा दोष समजतं. सकाळी नऊ ते अकरा ही दळणाची गर्दी आणि गवंड्याला माणसं हवीत तीही तीच वेळ. त्या दोन तासांत सामान मागू नये, आदल्या संध्याकाळी यादी द्यावी, असं ठरवून टाका.

पाण्याचाही विचार करा. एक दिवसाआड नळ येत असेल तर दहा दिवसांच्या पाणी मारण्यासाठी वेगळी टाकी लागते. नव्या प्लास्टरच्या खोलीत निदान महिनाभर धान्य-पीठ ठेवू नका, भिंत ओल सोडत असते. रंग त्यानंतरच. ऑइल पेंट दिलेल्या खोलीत आठवडाभर उघड्यावर मसाला नको.

पावसाळ्यात पिठाला जाळी धरते, बाजरीचं पीठ कडू होतं.

बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं, आठ-दहा दिवसांत चव बदलते. ते साठवून विकूच नका, मागणीप्रमाणे दळा. पोती भिंतीपासून फूटभर दूर आणि जमिनीपासून चार-सहा इंच उंच फळ्यांवर ठेवा. गिरणीच्या खाचेत, पट्ट्याखाली, नळीच्या वळणात साचलेलं जुनं पीठ आठवड्याला झाडलं नाही तर किडे तिथून नव्या पिठात येतात. उडणारी पिठाची धूळ ठिणगीने पेटू शकते, तेव्हा त्या खोलीत उदबत्ती, गॅस, उघडे सॉकेट नकोत.

दिवाळीत चकलीची भाजणी विकायची आहे. प्रमाण?

नेहमीचं: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, मूग डाळ १२५ ग्रॅम, वाटीभर धने, थोडे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. उडीद जास्त झाला की चकली कडक होते, तांदूळ नीट भाजला गेला नाही तर तेलात विरघळते. चकलीला बारीक दळा, थालीपिठाला सरबरीत. तयारी दसऱ्याआधी सुरू करा, आणि घराचा रंग त्या महिन्यात काढू नका.

घराच्या विम्यात गिरणी येते का?

घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत धंद्याचा माल आणि मशीन धरू नका. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. दोन्हींच्या अर्जात जागेचा खरा वापर लिहा. हंगामात मिरचीचा साठा वाढतो, तो जास्तीत जास्त असेल तेव्हाची रक्कम सांगा.

पट्टा सारखा सुटतो, जळका वास येतो.

पट्टा ढिला आहे किंवा दोन पुल्या एका रेषेत नाहीत. सुतळी दोन्ही पुल्यांच्या कडांना ताणून धरा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. नसेल टेकत तर मोटर सरकवा. ताण बघायला पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण अर्धा इंच दबावा. फार ताणला तर बेअरिंग जातं. दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम बदला, नवा-जुना एकत्र लावला की सगळा भार नव्यावर पडतो. पट्ट्यावर राळ किंवा साबण घासण्याने दोन दिवस बरं वाटतं, पण नंतर तो अधिक घसरतो. आणि पट्ट्यावरची जाळी काढून मशीन कधीच चालवू नका. पदर, ओढणी, मोकळे केस, सदऱ्याची बाही यांपैकी काहीही त्यात एका क्षणात ओढलं जातं.